रिमोटची गाडी सुरू होत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची माहिती मुख्यतः बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांसाठी आहे. त्यात लहान मुलांच्या खेळण्यातल्या गाड्या आल्या आणि ज्यांचे सुटे भाग मिळतात अशा हॉबी-ग्रेड गाड्याही आल्या. इंधनावर चालणाऱ्या नायट्रो गाड्यांचं दुखणं वेगळं असतं, त्यासाठी शेवटाकडे स्वतंत्र प्रश्न घेतला आहे. एक विनंती मात्र आधीच करतो: दोष नेमका कुठे आहे हे कळेपर्यंत कुठलाही भाग बदलू नका. आधी ईएससी (मोटरला वीज देणारा स्पीड कंट्रोलर) बदलला, मग मोटर बदलली आणि शेवटी कनेक्टरमधली एक पिन मागे सरकलेली निघाली, असं सर्रास घडतं. थोडा धीर धरला तर हा सगळा खर्च टळतो.

गाडी सुरूच होत नाही. सुरुवात कुठून करू?

गाडी एखाद्या डब्यावर अशी ठेवा की चारही चाकं अधांतरी राहतील. अचानक मोटर फिरली तर गाडी टेबलावरून खाली जाणार नाही, आणि चाकं मोकळी फिरतात की अडकतात तेही कळेल. मग रिमोट चालू करा, गाडी चालू करा, आणि हात न लावता जरा वेळ नुसतं बघा आणि ऐका.

“सुरू होत नाही” या एका तक्रारीत चार वेगवेगळे बिघाड असू शकतात. गाडीवर एकही दिवा लागत नाही, कसलाच आवाज नाही, तर वीजच आत पोचत नाहीये: बॅटरी, कनेक्टर, स्विच इथे शोधा. दिवा लागतो पण काहीच हलत नाही, तर रिमोट आणि रिसीव्हर एकमेकांशी बोलत नाहीत. स्टिअरिंग वळतं पण गाडी पुढे-मागे जात नाही, तर रिमोट आणि रिसीव्हर दोन्ही शाबूत आहेत, दोष ईएससीत, मोटरमध्ये किंवा सेटिंगमध्ये आहे. आणि मोटरचा आवाज येतो पण चाकं फिरत नाहीत, तर विजेचा काही संबंध नाही, गिअर उघडून बघायला हवेत.

तुमची गाडी या चारपैकी कशात मोडते हे ठरवलं की निम्मं काम झालं. खालचे प्रश्न साधारण याच क्रमाने आहेत, त्यामुळे आपल्या लक्षणापासून वाचायला सुरुवात केली तरी चालेल.

ईएससी, रिसीव्हर, सर्व्हो म्हणजे नेमकं काय?

रिसीव्हर म्हणजे रिमोटचा संदेश पकडणारी छोटी डबी. सर्व्हो म्हणजे पुढची चाकं वळवणारी मोटर आणि तिचे गिअर, एका खोक्यात बसवलेले. ईएससी म्हणजे स्पीड कंट्रोलर: बॅटरीच्या जाड वायरी याच्यात येतात आणि इथूनच मोटरला जातात. ट्रिगर किती दाबला त्या प्रमाणात मोटरला वीज देणं हे त्याचं काम. शिवाय रिसीव्हर आणि सर्व्होला लागणारी पाच-सहा व्होल्टची वीजही बहुतेक गाड्यांत ईएससीच पुरवतो. हे लक्षात ठेवा, कारण त्यामुळेच ईएससी बंद असला की सगळी गाडीच मेल्यासारखी दिसते. स्वस्त खेळण्यांत हे तिन्ही भाग वेगळे नसतात, एकाच हिरव्या सर्किट बोर्डवर सगळं असतं.

आधी रिमोट चालू करायचा की गाडी?

आधी रिमोट, मग गाडी. बंद करताना उलट: आधी गाडी, मग रिमोट. हा क्रम पाळायला हवा. गाडी आधी चालू केली तर रिसीव्हरला संदेशच मिळत नाही आणि बरेच ईएससी अशा वेळी सुरक्षिततेसाठी कुलूपबंद राहतात. मग रिमोट नंतर चालू केला तरी काही वेळा गाडी दाद देत नाही. शंका असेल तर दोन्ही बंद करा, काही सेकंद थांबा आणि नीट क्रमाने पुन्हा चालू करा. चालू करताना ट्रिगरला बोट लावू नका, कारण त्या क्षणी ट्रिगर जिथे असेल तीच जागा काही ईएससी “थांबलेली” म्हणून धरतात.

बॅटरी रात्रभर चार्जिंगला होती, तरी गाडी ढिम्म हलत नाही. बॅटरी तर भरलेली असणारच ना?

असेलच असं नाही. चार्जरला लावणं आणि चार्ज होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि खात्री करण्याचा एकच मार्ग म्हणजे मल्टिमीटरने व्होल्टेज मोजणं. (शिवाय कुठलीही बॅटरी रात्रभर, घरातले झोपलेले असताना चार्जिंगला ठेवू नका. लिथियमची तर मुळीच नाही.)

काय आकडा दिसायला हवा ते बॅटरीच्या जातीवर ठरतं. निकेल मेटल हायड्राइड पॅकवर ७.२ व्होल्ट लिहिलेलं असतं, त्यात १.२ व्होल्टचे सहा सेल असतात. नुकत्याच भरलेल्या अशा पॅकमध्ये आठ व्होल्टच्या पुढे आकडा दिसतो. लायपो म्हणजे लिथियम पॉलिमर. त्यात दोन सेलच्या, म्हणजे २एस पॅकवर ७.४ व्होल्ट लिहिलेलं असतं, पण पूर्ण भरल्यावर तो ८.४ दाखवतो, कारण प्रत्येक सेल ४.२ व्होल्टपर्यंत भरतो. तीन सेलच्या पॅकसाठी हाच आकडा १२.६.

आता खरी मेख. बॅटरी नुसती असताना मोजली की आकडा चांगला दिसतो, आणि गाडीला लावून ट्रिगर दाबला की तोच आकडा धाडकन खाली येतो. म्हातारा झालेला सेल हेच करतो. म्हणून शक्य असेल तर बॅटरी गाडीला जोडलेली असताना, कुणाला तरी ट्रिगर दाबायला सांगून, मल्टिमीटरच्या पिना कनेक्टरच्या मागून टेकवून मोजा. दोन्ही पिना एकमेकींना लागू देऊ नका, नाहीतर तिथेच शॉर्ट होईल. २एस लायपो भरलेली असूनही हलक्या भारावर सहाच्या आसपास येत असेल तर त्या पॅकची जिंदगी संपली.

लायपोला आणखी एक पांढरी, बारीक पिनांची वायर असते, तिला बॅलन्स कनेक्टर म्हणतात. तिथे प्रत्येक सेल वेगळा मोजता येतो. एक सेल ४.१ आणि दुसरा ३.४ असं निघालं तर एकूण बेरीज ठीक दिसूनही पॅक बाद आहे.

गाडी कित्येक महिने कपाटात पडून होती. आता चार्जरला लावली की दिवा लगेच “फुल” दाखवतो. असं का?

चार्जर फसतोय. पडून राहिलेल्या बॅटरीचं व्होल्टेज हळूहळू उतरत जातं, आणि एका मर्यादेखाली गेलं की कित्येक चार्जर ती बॅटरी ओळखतच नाहीत: एकतर लगेच हिरवा दिवा लागतो, किंवा लाल दिवा लुकलुकत राहतो. साध्या यूएसबी चार्जिंग वायरींमध्ये तर दिव्याचा अर्थही सगळीकडे सारखा नसतो. काहींमध्ये चार्ज होताना दिवा लागतो आणि भरल्यावर विझतो, काहींमध्ये अगदी उलट. आधी गाडीच्या माहितीपत्रकात बघा.

निकेलची बॅटरी असेल तर दोन-तीनदा चार्ज-डिस्चार्ज करून ती बऱ्याचदा जागी होते. लिथियमच्या बाबतीत मात्र मी ठाम आहे: ज्या सेलचं व्होल्टेज फार खाली जाऊन तसंच राहिलं आहे, तो जबरदस्तीने जागा करू नका. त्याच्या आत बदल झालेले असतात आणि पुढच्या चार्जिंगला तो पेट घेऊ शकतो. काही जण चार्जरला निकेलच्या सेटिंगवर टाकून लायपो “उठवायचा” सल्ला देतात. कृपया तो ऐकू नका. लायपो महिनाभर वापरायची नसेल तर ती पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवायची नसते. चांगल्या चार्जरवर “स्टोरेज” असा पर्याय असतो, तो प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणून थांबवतो.

बॅटरी थोडी फुगली आहे. अजून चालते. वापरू का?

नाही. चार्ज करू नका, टोचू नका, दाबून सपाट करू नका. घराबाहेर, पेट घेणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या.

रिमोटचा दिवा लागतो. म्हणजे रिमोट ठीक आहे ना?

फक्त इतकंच कळतं की दिव्यापुरती वीज आहे. दिवा अगदी कमी विजेवर लागतो, संदेश पाठवायला त्याहून जास्त लागते. रिमोटमध्ये चार डबल-ए सेल असतील तर साध्या अल्कलाइन सेलचे मिळून सहा व्होल्ट होतात आणि चार्जेबल निकेल सेलचे ४.८. काही रिमोट ४.८ वर लगेच “बॅटरी कमी” असा इशारा देतात किंवा रेंज कमी होते. तपासणी करताना म्हणून नवे अल्कलाइन सेल टाका, आणि नवे-जुने एकत्र टाकू नका.

मग सेलच्या खाचेतल्या स्प्रिंगकडे नीट बघा, टॉर्च लावून. स्प्रिंगच्या टोकाला, जिथे ती सेलला टेकते तिथे, पांढरी भुकटी किंवा हिरवट थर दिसतोय का? गळलेल्या अल्कलाइन सेलमधून निघालेला हा क्षार आहे, आणि तो वीज अडवतो. कापसाच्या काडीवर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन त्यावर फिरवा, जरासा फेस येईल, मग ओल्या फडक्याने पुसून कोरडं करा आणि बारीक पॉलिश पेपरने धातू चकचकीत होईपर्यंत घासा. हातमोजे घाला, कारण तो क्षार कातडीला झोंबतो. भुकटी फक्त दिसेल तिथेच असते असं नाही. स्प्रिंगच्या मागे सोल्डर केलेली वायर असते, ती हलकेच ओढून बघा. आतून गंजलेली असेल तर हातात येते.

एक धोक्याची गोष्ट आहे म्हणतात सेलच्या आकाराबद्दल. काय ती?

हो, आणि ती माहीत असायलाच हवी. १४५०० नावाचा लिथियम सेल दिसायला हुबेहूब डबल-एसारखा असतो: १४ मिलिमीटर जाड, ५० मिलिमीटर लांब. पण त्याचं व्होल्टेज ३.७ असतं, डबल-एच्या दुपटीहून जास्त. खेळण्यातल्या गाड्यांत हा सेल सर्रास येतो. तो काढून रिमोटमध्ये घातला तर रिमोट जळेल. आणि गाडीत त्याच्या जागी साधा डबल-ए घातला तर गाडी हलणार नाही, वर चार्जिंगला लावली तर तो सेल गळेल किंवा फुटेल. सेलवर छापलेला आकडा वाचल्याशिवाय अदलाबदल नको.

गाडीवरचा दिवा नुसता लुकलुकत राहतो. रिमोटला दाद देत नाही.

बाइंडिंग तुटलं आहे. आजच्या बहुतेक गाड्या २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, आणि त्यात प्रत्येक रिसीव्हर फक्त आपल्या ओळखीच्या रिमोटचं ऐकतो. ही ओळख करून देणं म्हणजे बाइंडिंग. बॅटरी बदलताना, रिसीव्हर बदलल्यावर किंवा चुकून बटण दाबलं गेल्यावर ती पुसली जाऊ शकते.

हॉबी-ग्रेड गाडीत रिसीव्हरवर एक छोटं बटण असतं, किंवा छोटी बाइंड वायर खोचायची जागा असते. साधारण पद्धत अशी: बटण दाबून धरून गाडी चालू करायची, दिवा भराभर लुकलुकू लागला की रिमोट बाइंड मोडमध्ये चालू करायचा, दिवा स्थिर झाला की दोन्ही बंद करून पुन्हा चालू करायचे. नेमके टप्पे प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, त्यामुळे माहितीपत्रक हाताशी ठेवा. खेळण्यातल्या गाड्यांत बहुधा बटण नसतंच. गाडी आणि रिमोट जवळ ठेवून एकापाठोपाठ चालू केले, किंवा रिमोटचा ट्रिगर एकदा पुढे-मागे केला, की त्या आपोआप जुळतात. जवळपास त्याच प्रकारची दुसरी गाडी चालू असेल तर ती आधी बंद करा, नाहीतर तुमचा रिमोट तिच्याशीच जुळेल.

जुन्या गाड्या २७, ४० किंवा ४९ मेगाहर्ट्झवर चालतात. तिथे बाइंडिंग नसतं, रिमोट आणि गाडी एकाच फ्रिक्वेन्सीची लागते. काही जुन्या हॉबी गाड्यांत क्रिस्टल नावाचे छोटे धातूचे तुकडे असतात, एक रिमोटमध्ये आणि एक रिसीव्हरमध्ये. दोन्हींवर चॅनेलचा क्रमांक सारखा आहे ना ते बघा. पडझडीत क्रिस्टल आतून तुटतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

काहीही चालत नाही, पण बॅटरी नक्की चांगली आहे. ईएससी गेला असं समजू?

थांबा. ईएससीला दोष देण्याआधी एक सोपी चाचणी करा: रिसीव्हरमधून स्टिअरिंग सर्व्होची वायर काढा आणि गाडी पुन्हा चालू करा. सर्व्हो आतून जळला असेल किंवा चाकं अडकल्यामुळे जाम झाला असेल तर तो इतकी वीज ओढतो की रिसीव्हरला काही उरत नाही. वायर काढताच रिसीव्हरचा दिवा लागला, तर ईएससी ठणठणीत आहे आणि बिघाड सर्व्होत आहे. ही चाचणी फारसं कुणी करत नाही, आणि चांगले ईएससी विनाकारण कचऱ्यात जातात.

तरीही दिवा नसेल तर स्विच बघा. ईएससीचा स्विच बहुधा दोन पातळ वायरींवर लोंबकळत असतो आणि धूळ-माती त्याच्याच तोंडावर बसते. दहा-बारा वेळा चालू-बंद करून बघा, आतले पत्रे घासून साफ होतात. मल्टिमीटरवर बीप देणारी कंटिन्युइटी (जोड सलग आहे का ते तपासणारी सेटिंग) लावून स्विचच्या दोन टोकांवर तपासलं की पक्कं उत्तर मिळतं, पण त्याआधी बॅटरी काढा.

ईएससीकडून रिसीव्हरला जाणारी तीन वायरींची पिनही उलटी बसलेली असू शकते. काळी किंवा तपकिरी वायर ऋण, लाल धन, आणि पांढरी, पिवळी किंवा केशरी संदेशाची. रिसीव्हरवर खुणा असतात त्याप्रमाणे जुळवा. बहुतेक रिसीव्हरमध्ये पहिला चॅनेल स्टिअरिंगचा आणि दुसरा थ्रॉटलचा, म्हणजे वेगाचा, असतो. या दोन अदलाबदल झाल्या तर ट्रिगर दाबल्यावर चाकं वळतात आणि स्टिअरिंग फिरवलं की मोटर फिरते.

स्टिअरिंग छान वळतं, पण गाडी पुढे जात नाही.

या एका लक्षणामागे कारणं बरीच आहेत, म्हणून सावकाश घेऊ.

पहिलं, रिमोटवरची सेटिंग. थ्रॉटल ट्रिम नावाचं छोटं बटण किंवा चकती कुणाच्या तरी हाताने फिरलेली असते, आणि मग ईएससीला वाटतं की ट्रिगर थोडा दाबलेलाच आहे. असा ईएससी जागाच होत नाही, नुसता बीप बीप करत राहतो किंवा दिवा लुकलुकवतो. ट्रिम मधोमध आणून पुन्हा चालू करा. थ्रॉटलची कमाल मर्यादा ठरवणारं बटण शून्याच्या जवळ गेलेलं असू शकतं. थ्रॉटल उलटवणारा छोटा स्विचही असतो. ट्रिगर दाबल्यावर काहीच न होता ढकलल्यावर गाडी पुढे धावते आहे का, तेही बघा.

दुसरं, ईएससीचं कॅलिब्रेशन. नवा रिमोट किंवा नवा रिसीव्हर लावल्यावर ईएससीला शिकवावं लागतं की ट्रिगर मोकळा म्हणजे काय, पूर्ण दाबलेला म्हणजे काय आणि पूर्ण ढकललेला म्हणजे काय. साधारणपणे सेट बटण दाबून ईएससी चालू करतात आणि मग या तीन जागा एकेक करून दाखवतात. प्रत्येक वेळी तो बीप देऊन “कळलं” म्हणतो. क्रम कंपनीगणिक बदलतो.

तिसरं, बॅटरीचा प्रकार. ईएससीवर लायपो आणि निकेल अशी दोन सेटिंग असतात, बहुधा एका छोट्या जंपरने (पिनांवर खोचायच्या टोपीने) किंवा बटणाने बदलता येणारी. लायपो फार उतरून खराब होऊ नये म्हणून लायपो सेटिंगमध्ये ईएससी ठरावीक व्होल्टेजखाली मोटर बंद करतो, पण स्टिअरिंग चालू ठेवतो. त्या सेटिंगवर निकेलची बॅटरी लावली तर गाडी लवकर थांबते, कधी हलतही नाही. उलट चूक जास्त वाईट: निकेल सेटिंगवर लायपो चालवली तर गाडी मस्त धावते आणि बॅटरी कायमची मरते.

चौथं, गाडी नुकतीच जोरात पळवलेली असेल तर ईएससी तापला असेल. बऱ्याच ईएससींमध्ये उष्णतेपासून बचाव असतो. तो थंड होऊ द्या आणि पुन्हा बघा. हे वारंवार होत असेल तर गिअर जास्त मोठा लावलाय, गाडी दाट गवतात चालतेय किंवा चाकांची बेअरिंग अडकली आहेत.

हे सगळं ठीक निघालं तरच मोटरकडे वळा.

मोटर खराब झाली आहे हे कसं ओळखायचं?

आधी बघा मोटरला वायरी किती आहेत. दोन असतील तर ती ब्रश मोटर, तीन जाड वायरी असतील तर ब्रशलेस. दोन्हींची तपासणी वेगळी आहे.

ब्रश मोटरच्या दोन्ही वायरी ईएससीतून काढा, गाडी डब्यावर उचलून ठेवा आणि वायरी क्षणभर थेट बॅटरीला टेकवा. शक्यतो कमी व्होल्टेजच्या, निकेलच्या बॅटरीला. मोटर झोकात फिरली तर ती चांगली आहे, दोष ईएससीत आहे. फिरली नाही तर तिला बोटाने जरा फिरवून पुन्हा टेकवा. एखाद्या ठरावीक जागीच अडत असेल आणि ढकलल्यावर चालू होत असेल, तर आतले कार्बनचे ब्रश झिजले आहेत किंवा ज्या तांब्याच्या भागावर ते घासतात तो काळवंडला आहे. चांगल्या मोटरमध्ये ब्रश बदलता येतात. बंद डब्याच्या मोटरमध्ये नाही, ती बदलावी लागते. मोटरच्या अंगावर सोल्डर केलेले छोटे कपॅसिटर तुटले असतील तर मोटर फिरते, पण तिच्या ठिणग्यांचा गोंगाट रिसीव्हरला बधिर करतो आणि ट्रिगर दाबताच गाडी ताब्याबाहेर जाते.

ब्रशलेस मोटर कधीही थेट बॅटरीला लावू नका. तिची तपासणी हाताने होते आणि ती मोठी समाधान देणारी आहे. तिन्ही वायरी ईएससीतून काढून मोकळ्या ठेवा, पिनियन (मोटरच्या दांड्यावरचा छोटा गिअर) मोठ्या गिअरपासून सोडवा आणि मोटरचा दांडा बोटांनी फिरवा. चुंबकांमुळे थोडे टप्पे जाणवतील, पण तो मोकळा फिरेल. आता कुठल्याही दोन वायरींची टोकं एकमेकींना जोडून पुन्हा फिरवा. दांडा लगेच जड लागला पाहिजे. अशा तीन जोड्या होतात, तिन्हींत जडपणा सारखाच हवा. एखाद्या जोडीत दांडा मोकळाच राहिला तर आतली एक वायर तुटली आहे. आणि वायरी न जोडताच दांडा जड असेल तर आत शॉर्ट आहे, किंवा बेअरिंग गेलं आहे.

ब्रशलेस मोटर जागच्या जागी थरथरते, खडखडते, पण फिरत नाही, असं असेल तर आधी तिन्ही वायरींचे गोल कनेक्टर घट्ट बसवा. एक जरी सैल असला तरी नेमकं हेच होतं. सेन्सरची पातळ वायर असलेल्या मोटरमध्ये ती वायरही तपासा, आणि जाड वायरींवरची ए, बी, सी अक्षरं ईएससीशी जुळवा. सेन्सर नसेल तर क्रम कसाही चालतो. गाडी उलटी धावली तर कुठल्याही दोन वायरी अदलाबदल करायच्या, इतकंच.

मोटरचा आवाज येतो, चाकं मात्र फिरत नाहीत.

मोटरच्या दांड्यावर बसलेला छोटा गिअर म्हणजे पिनियन. तो एका बारीकशा ग्रब स्क्रूने पकडलेला असतो. दांड्याची एक बाजू सपाट घासलेली असते आणि स्क्रूचं टोक बरोबर त्या सपाट भागावर बसायला हवं. गोल भागावर बसवला तर सुरुवातीला पकड मिळते, मग कंपनांनी स्क्रू सुटतो, दांडा आतल्या आत फिरत राहतो आणि पिनियन जागचा हलत नाही. स्क्रू काढा, दांडा फिरवून सपाट भाग भोकासमोर आणा, स्क्रूवर निळ्या थ्रेड-लॉकचा (स्क्रू सुटू न देणाऱ्या द्रवाचा) एक थेंब लावा आणि घट्ट करा. ॲलन की झिजलेली असेल तर नवी घ्या. झिजलेल्या कीने स्क्रूचं डोकं गोल होतं आणि मग तो काढणं मोठं संकट होऊन बसतं.

पिनियन ठीक असेल तर मोठ्या प्लास्टिकच्या स्पर गिअरचे दाते बघा. एका जागी दाते उडालेले असले की तिथे आल्यावर करकर आवाज येतो. त्यापुढे स्लिपर क्लच (जास्त जोर आला की घसरून गिअर वाचवणारा भाग) सैल झालेला असू शकतो, ॲक्सलचा डॉगबोन (चाकाकडे जाणारा, दोन्ही टोकांना गाठ असलेला दांडा) निसटलेला असू शकतो, किंवा चाकाच्या षटकोनी हबमधली छोटी आडवी पिन पडलेली असू शकते. ही पिन पडली की ॲक्सल फिरतो आणि चाक उभंच राहतं. मागच्या एका चाकाला धरून दुसरं फिरवून बघितलं की कुठला सांधा सुटलाय ते हाताला कळतं.

गाडी एक झटका देते आणि लगेच बंद पडते. पुन्हा चालू केली की पुन्हा तेच.

थकलेली बॅटरी किंवा सैल जोड. ट्रिगर दाबताच मोटर एकदम मोठी वीज मागते, व्होल्टेज कोसळतं, रिसीव्हर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. हे चक्र चालू राहतं. दुसरी चांगली बॅटरी लावून बघा. तसंच झालं तर कनेक्टर हाताने चाचपा: जो गरम लागतो तो दोषी. जुन्या पांढऱ्या टामिया कनेक्टरमधल्या पत्र्याच्या पिना वापराने रुंदावतात आणि मागे सरकतात. टी-प्लग किंवा एक्सटी६० लावणं जास्त बरं, पण सोल्डरिंगची सवय नसेल तर जाणत्याकडून करून घ्या, आणि बॅटरीच्या दोन्ही वायरी एकाच वेळी कधीही उघड्या करू नका.

गाडी पाण्यात भिजली, तेव्हापासून बंद आहे.

ताबडतोब बॅटरी काढा. सुकायच्या आधी “चालते का बघू” म्हणून जोडू नका, बोर्ड जळतो तो याच क्षणी. बॉडी काढा, रिसीव्हरची डबी उघडा, पाणी झटका. पाणी खारट किंवा चिखलाचं असेल तर आधी स्वच्छ पाण्याने धुऊन, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने सर्किट साफ करा. एखाद-दोन दिवस हवेशीर जागी वाळू द्या. हेअर ड्रायर गरम हवेवर लावू नका, प्लास्टिकला तो मानवत नाही. बेअरिंगना तेलाचा थेंब द्या. गाडीवर वॉटरप्रूफ लिहिलेलं असलं तरी ते इलेक्ट्रॉनिक्सपुरतंच असतं, बेअरिंग आणि स्क्रू गंजतातच.

नायट्रो गाडीचं इंजिन पकडत नाही.

नायट्रो इंजिनला तीन गोष्टी लागतात: तापलेला ग्लो प्लग, इंधन आणि हवा. सुरुवात प्लगपासून करा. तो काढून इग्नायटर (प्लग तापवणारं बॅटरीचं साधन) लावला की आतली तार नारिंगी, लखलखीत तापली पाहिजे. फिकट लाल दिसली तर इग्नायटर चार्ज करा, मुळीच तापली नाही तर प्लग बदला. इंजिन पकडतं पण इग्नायटर काढताच बंद पडतं, तर प्लग तरी म्हातारा झालाय किंवा इंधनाचं मिश्रण फार दाट आहे.

मग इंधन. ते मुख्यतः मेथेनॉल, नायट्रोमेथेन आणि तेलाचं असतं, आणि मेथेनॉल हवेतला ओलावा शोषतं. झाकण सैल ठेवलेला जुना डबा असेल तर सरळ नवं इंधन घ्या. टाकीतून कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या पारदर्शक नळीत इंधन सरकताना दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर एक्झॉस्टच्या तोंडावर बोट ठेवून इंजिन सुरू करायची दोरी एक-दोनदा ओढा. इंजिन तापलेलं असेल तर एक्झॉस्टला बोट लावू नका.

दोरी अचानक घट्ट झाली, हलेना, तर जोर लावू नका. सिलिंडरमध्ये इंधन भरलं आहे आणि ते दाबलं जात नाही, जोर केलात तर कनेक्टिंग रॉड वाकेल. प्लग काढा, गाडी उलटी करा, दोरी काही वेळा ओढून इंधन बाहेर पडू द्या, पुसा आणि प्लग परत लावा. नवं इंजिन मात्र वरच्या टोकाला मुळातच घट्ट असतं, तो दोष नाही. सिलिंडर हेड हेअर ड्रायरने कोमट केलं की ते सहज फिरतं.

कार्ब्युरेटरच्या सुयांना (इंधनाचं मिश्रण कमी-जास्त करणाऱ्या स्क्रूंना) सर्वात शेवटी हात लावा. काल नीट चालणारं इंजिन आज पकडत नसेल तर सुया आपोआप फिरलेल्या नसतात. फारच बिघडल्या असतील तर माहितीपत्रकातल्या कारखान्याच्या सेटिंगवर परत या. एअर फिल्टर, आणि रिसीव्हरची छोटी बॅटरी, ही दोन ठिकाणंही बघून घ्या. आणि एक लक्षात असू द्या: मेथेनॉलची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही. इंधन सांडलं तर पुसल्याशिवाय इग्नायटर लावू नका.

मल्टिमीटर घ्यायलाच हवा का?

हो. अगदी साधा चालेल, डीसी व्होल्ट आणि कंटिन्युइटीचा बीप एवढं असलं की पुरे. वरच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्याच्याशिवाय नुसते अंदाज ठरतात.

खेळण्यातल्या गाडीचा बोर्ड जळलाय. दुरुस्त होईल का?

मूळ बोर्ड मिळणं अवघड असतं, कारण असे बोर्ड सुटे फारसे विकले जात नाहीत. पण बहुतेकदा बोर्ड जळलेलाच नसतो, बॅटरीची किंवा मोटरची वायर बोर्डावरून सुटलेली असते, आणि ती सोल्डरच्या एका थेंबाने परत लागते. म्हणून फेकण्याआधी उघडून बघाच. काळा डाग, जळका वास किंवा फुगलेला भाग दिसला तर मात्र बोर्ड गेला. मोटर, चाकं आणि गिअर काढून ठेवा, दुसऱ्या गाडीला उपयोगी पडतात.

दुरुस्तीला नेताना काय सोबत न्यावं, काय सांगावं?

“चालत नाही” एवढंच सांगू नका. दिवा लागतो का, बीप किती वेळा होतो, स्टिअरिंग वळतं का, बिघाड होण्याआधी गाडी पडली, भिजली की नुसती पडून होती, आणि मल्टिमीटरवर काय आकडा आला, हे सांगा. शक्य असेल तर दिव्याचा आणि बीपचा छोटा व्हिडिओ काढून ठेवा, कारण बिघाड कधीकधी दुकानात पोचेपर्यंत गायब होतो. गाडीसोबत रिमोट, बॅटरी आणि चार्जर तिन्ही न्या. रिमोट नसेल तर बाइंडिंग तपासता येत नाही आणि चार्जर नसेल तर बॅटरी मेली की चार्जर, हे सांगणं कुणालाही शक्य नसतं.